तुकडा इथे, रिपोर्ट तिकडे

आज माझ्या मामाबद्दल बोलणार आहे.

मामाच्या गालाला आतून जखम झाली. तंबाखू खायचा, त्यामुळे तोंडात झोंबणं त्याला नेहमीचंच वाटलं. दीड महिना गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या. मग तालुक्याला दातांचे डॉक्टर, मग जिल्ह्याला. तिथे तुकडा काढला, पण तपासायला बाहेर शहरात पाठवला. रिपोर्टसाठी मी तीन वेळा एसटीने हेलपाटे घातले. जखम दिसल्यापासून कॅन्सर आहे हे कळेपर्यंत चार महिने गेले होते.

आता हिशेब करा. तुकडा काढणं काही मिनिटांचं काम. तो मेणात बसवायचा, पातळ काप घ्यायचे, रंग द्यायचा आणि पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघायचं, याला काही दिवस लागतात. मग महिने कुठे गेले? या दारातून त्या दारात जाण्यात.

म्हणून विभागीय निदान केंद्र म्हणजे नुसती इमारत आणि मशीन नाही. तपासणी, तुकडा, पॅथॉलॉजिस्ट एकाच ठिकाणी हवेत. आणि रिपोर्ट आला की पेशंटला फोन करून बोलावणारं कुणीतरी हवं.

हे खेड्यापाड्यात जमतं का? सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी बघा. टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जायचे, बैठका घ्यायचे, लक्षणं समजावायचे आणि त्रास असलेल्यांना हॉस्पिटलला जायला लावायचे. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निकाल छापून आले. ज्या गटाला एचपीव्हीची एकदाच तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळाले, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होते. तेही मुंबईत नाही, मराठवाड्यातल्या गावांत.

मामा आज आहे. पण तोंड पूर्ण उघडत नाही, भाकरी कुस्करून खातो. ते चार महिने वाचले असते तर ऑपरेशन कदाचित लहान झालं असतं, हे डोक्यातून जात नाही.

तेव्हा दोन गोष्टी करा. घरात कुणाची तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर गोळ्या बदलत बसू नका. डॉक्टरांना थेट विचारा, "तुकडा तपासायचा का?" आणि मत मागायला कुणी दारात आलं की त्यांनाही विचारा, "आमच्या जिल्ह्यातला तुकडा आमच्या जिल्ह्यातच कधी तपासला जाणार?"

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू.