मोटारीच्या एसीतील वायू : विज्ञानापासून धोरणापर्यंत

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनांच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा धुरापाशी थांबते. परंतु मोटारीच्या एसीतून नकळत झिरपणारा वायूही पृथ्वीच्या तापमानात भर घालतो, आणि त्याला आवर घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास या परिषदेने बारकाईने अभ्यासावा असा आहे.

हा वायू म्हणजे एचएफसी-१३४ए. ओझोन थराला इजा करणाऱ्या सीएफसी वायूंना पर्याय म्हणून तो वापरात आला. ओझोनला तो अपाय करत नाही, मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० किलोंइतकी तापमानवाढ घडवतो. तो वातावरणात साधारण १४ वर्षेच टिकत असल्यामुळे काजळी आणि मिथेन यांच्याप्रमाणे त्याची गणना अल्पजीवी प्रदूषकांत होते, म्हणजेच गळती थांबल्यास त्याचा लाभ त्याच पिढीला मिळू शकतो.

एचएफसी वायूंचा वापर अनिर्बंध वाढल्यास शतकाअखेर त्यांच्यामुळे ०.५ अंशांपर्यंत तापमानवाढ होऊ शकते, असे संशोधकांनी मांडले होते. 'इन्स्टिट्यूट फॉर गव्हर्नन्स अँड सस्टेनेबल डेव्हलपमेंट'सारख्या पाठपुरावा करणाऱ्या संस्थांनी या अंदाजाला व्यवहार्य मागणीचे रूप दिले : पायाभूत वर्षे, गोठवणीचे वर्ष आणि विकसनशील देशांसाठी निधी अशी सर्व यंत्रणा १९८७च्या माँट्रियल करारात तयार असताना एचएफसी वायूही त्याच करारात आणावेत. भारताचा या मार्गाला प्रदीर्घ विरोध होता. पर्यायी तंत्रज्ञानाच्या खर्चाबद्दलची त्याची चिंता रास्तच होती. पुढे २०१५मध्ये भारताने स्वतःच दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला, ऑक्टोबर २०१६मध्ये किगाली येथे करार झाला आणि २०२१मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्यानुसार २०२४ ते २०२६ या वर्षांतील वापर पायाभूत धरून २०२८मध्ये वापर गोठवायचा आणि २०४७पर्यंत तो ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

या प्रवासात एक धोकाही होता. '०.५ अंशांपर्यंत' यातील 'पर्यंत' आणि 'अनिर्बंध वाढल्यास' हे शब्द प्रचारात सहज गळून पडतात, आणि ते गळले की कमाल अंदाज हमखास लाभासारखा भासू लागतो. शास्त्रज्ञांच्या अटी शाबूत ठेवणे ही पाठपुराव्याची पहिली जबाबदारी मानली पाहिजे.

दुसरी जबाबदारी पर्याय दाखवून देण्याची. पिंपरीत कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने वर उल्लेखलेल्या इन्स्टिट्यूटच्या व माहले कंपनीच्या सहकार्याने आरिया गाडीत एचएफसी-१५२एवर चालणारा एसी बसवून पाहिला. या वायूचा तापमानवाढीवरील परिणाम १३४एच्या दशांशाइतकाच असतो, पण तो काहीसा ज्वलनशील असल्यामुळे त्याला इंजिनाच्या कप्प्यातच ठेवून गाडीच्या आत केवळ थंड केलेले द्रावण फिरवण्यात आले. विज्ञान, करार आणि अभियांत्रिकी यांची सांगड या प्रयोगात सर्वाधिक स्पष्ट दिसते.

गॅरेजपर्यंत मात्र हे धोरण अपुरेच पोहोचले आहे. गळती न शोधता 'गॅस भरून देणे' किंवा दुरुस्तीच्या वेळी उरलेला वायू हवेत सोडणे यावर केवळ कारखान्यासाठी केलेल्या नियमांनी इलाज होणार नाही. म्हणून वायू परत काढून घेणारी यंत्रे लहान गॅरेजना परवडतील अशी योजना आखावी, आयटीआयच्या अभ्यासक्रमात ती यंत्रे वापरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि २०२८पूर्वी या पट्ट्यातून त्याची सुरुवात व्हावी, असा ठराव या परिषदेने संमत करून राज्य शासनाकडे पाठवावा.