उशिरा उघडलेला पुरावा

डिसेंबर 2017. लंडनमधल्या क्रॉयडन क्राउन कोर्टात बलात्काराचा खटला उभा राहिला. आरोपी 22 वर्षांचा विद्यार्थी, जवळपास दोन वर्षं जामिनावर असलेला. तक्रारदाराच्या फोनमधले सुमारे 40,000 संदेश पोलिसांकडे होते, पण ते बचाव पक्षाच्या हाती पडले खटला सुरू झाल्यावर! ते वाचताच सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला.

इंग्लंडमधला 1996 चा कायदा स्पष्ट आहे: आरोपीच्या बाजूचं काही सापडलं, तर तेही द्यायलाच हवं. लंडन पोलिसांनी माफी मागितली. पुढे इंग्लंड आणि वेल्समधल्या बलात्कार व गंभीर लैंगिक गुन्ह्यांच्या 3,637 प्रकरणांची फेरतपासणी झाली. पुरावा देण्यात त्रुटी असलेले 47 खटले थांबवण्यात आले.

झळ तक्रारदारांनाही बसली. 2019 मध्ये त्यांच्याकडून फोन तपासणीची संमतिपत्रं घेतली जाऊ लागली. सगळं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येईल या धास्तीने बायका तक्रारच करणार नाहीत, असं महिला संघटनांनी बजावलं. 2020 मध्ये ती पत्रं मागे घ्यावी लागली.

2022 च्या कायद्यानुसार आता तक्रारदाराच्या संमतीने, तपासाशी संबंधित तेवढीच माहिती फोनमधून घेता येते.