उघड्या माळावरचे जलरंग



शेती, शिक्षण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या या पंक्तीत रंगपेटी पाठीला लावून रानात चित्रे काढीत हिंडण्याच्या छंदाला आपण एक संध्याकाळ दिलीत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. कोणी म्हणेल, ज्या आष्टी तालुक्यात चैत्र उलटला की प्यायच्या पाण्याची चिंता लागते, तेथे पाण्यात रंग कालवण्याच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. आजचे सारे बोलणे त्याच प्रश्नाला धरून करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम साधनांविषयी थोडेसे. चित्रकार उघड्यावर बसू लागला तो केवळ निसर्गप्रेम उफाळून आले म्हणून नव्हे. सामान हलके झाले म्हणून. पूर्वी रंग खलावा लागे, त्यात डिंकाचे पाणी घालावे लागे, आणि हे सगळे घरी बसूनच होई. 1780 च्या सुमारास विल्यम रीव्हज या इंग्रज रंगवाल्याने जलरंगाच्या घट्ट वड्या केल्या. 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने मुडपता येणारी कथलाची नळी काढली. रंग खिशात मावू लागला आणि चित्रकाराचे पाय मोकळे झाले. या रंगांना बांधून ठेवणारा डिंक कशाचा, म्हणाल? आपल्या बांधावरच्या बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा. तेव्हा हे काही अगदी परके प्रकरण नव्हे.

आपल्याकडची परंपराही जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्याचा गंगाराम चिंतामण नवगिरे, ज्याला गंगाराम तांबट म्हणून ओळखतात, तो रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची लेणी प्रत्यक्ष पाहून चितारीत होता. पेशवाईतला हा मराठी माणूस आपल्याच मराठवाड्याच्या दगडांसमोर बसला होता, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. पुढे 1857 साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थ यांच्या काठी आयुष्यभर चित्रे काढीत राहिले. ते 1931 साली वारले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी जलरंगाला प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रल्हाद अनंत धोंडांनी तर मोजक्या ओल्या फटकाऱ्यांत कोकणचा समुद्र उभा केला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रंकाळा, कोटितीर्थ, समुद्र! जलरंगाचे नाव निघाले की पाणी, धुके, हिरवी झाडी हेच आपल्या डोळ्यांसमोर येते. हे तंत्र वाढले इंग्लंडच्या दमट हवेत. तेथे कागदावर दिलेला रंगाचा हात सावकाश सुकतो, दोन रंग एकमेकांत विरघळायला सवड मिळते. आमच्या माळावर एप्रिल महिन्यात काय होते? आकाशाचा निळा हात वरून खाली आणेपर्यंत वरचा भाग सुकून त्याला कड आलेली असते. म्हणून पुष्कळांनी ठरवून टाकले, की कोरडा मुलूख जलरंगाचा नव्हेच.

परंतु अडचण हवेची असेल, तर तिच्यावर तोड आहे. उजाडताच बसावे आणि नऊ वाजता उठावे. कागद मोठा न घेता पाव ताव घ्यावा, पण जाड घ्यावा. त्याची पाठ ओली करून तो फळीवर चिकटवावा. ब्रश जाड घ्यावा, म्हणजे त्यात पाणी जास्त राहते. कागद सावलीत धरावा. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो आणि रंग फिके की गडद हेच कळत नाही. पाण्यात ग्लिसरिनचा एखादा थेंब टाकला, तर रंग जरा उशिरा सुकतो. आणि पाणी किती लागते? तांब्याभर. एका वाटीत ब्रश धुवावा, दुसरीतले पाणी रंगासाठी स्वच्छ ठेवावे. उरलेले बोरीच्या बुडाशी ओतावे. एवढ्याने कोणाचा हंडा रिता होत नाही.

राहिला प्रश्न रंगांचा. आमच्या माळाला रंगच नाही, असे येथलीच माणसे म्हणतात. हे खरे नव्हे. नांगरलेली काळी माती काळी नसते. निळ्यात भाजल्या मातीचा तांबूस रंग मिसळला, की जो उबदार करडा होतो, तो तिचा रंग. वाळल्या गवताचा पिवळा गेरूच्या जातीचा आहे. त्यावर हिवराची किंवा बाभळीची सावली पडली, की ती जांभळट दिसते. ज्वारी काढलेल्या रानात धसकटांच्या ओळी लांबपर्यंत जातात आणि त्यांच्यामागे बालाघाटाच्या डोंगररांगा सपाट माथ्यांनी निळ्या होत जातात. चुन्याने रंगवलेल्या देवळाचा घुमट रंगवायचाच नसतो. तेथे कागद कोरा सोडायचा. जलरंगात उजेड विकत मिळत नाही, तो राखून ठेवावा लागतो. ज्यांना पाणी राखून वापरण्याची सवय आहे, त्यांना ही शिस्त कोणी शिकवावी लागेल काय?

खरी काळजी वेगळीच आहे. शाळेतल्या मुलाला निसर्गचित्र काढ म्हटले, तर तो काय काढतो? दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, एक उतरत्या छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. कड्याच्या मुलाने असे नारळ कोणत्या ओढ्याकाठी पाहिले? त्याच्या आजोबांचे घर माळवदाचे, जाड मातीच्या भिंतींचे. ते चित्रात येत नाही. गुरुजींनी काही वाईट शिकवले असे नव्हे. पण मूल नकळत एक धडा शिकते, की आपले गाव चित्रात घालण्याजोगे नाही. दसऱ्यानंतर येथल्या कितीतरी घरांना कुलूप लागते, माणसे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. ती पोटासाठी जातात. त्यावर चित्र हा उपाय आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. चित्राने पाऊसही पडत नाही. परंतु ज्या मुलाने दोन तास बसून माळाचा उतार कागदावर उतरवला, त्याला पाणी कोणत्या ओघळीने पळून जाते हे कळलेले असते. 1972 च्या दुष्काळानंतर बांध आणि पाझर तलाव यांविषयी आपण किती बोललो! जमिनीकडे नीट पाहणे ही त्या कामाची पहिली पायरी आहे आणि ती रंगपेटीनेही चढता येते.

शिवाय माळवदे पडत आहेत, त्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहत आहेत. यात तक्रार नाही. लोकांना सुखाने राहायचे आहे. पण त्या घराच्या भिंतीवर सकाळचे ऊन कसे पडे, हे कोणीतरी पाहून ठेवायला नको काय?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली शाळांना: पंधरवड्यातून एकदा चित्रकलेचा तास वर्गाबाहेर न्यावा. खर्च फारसा नाही. 1931 साली दांडेकर बंधूंनी काढलेल्या उद्योगातून पुढे उंटछाप रंग निघाले, तेव्हापासून साधे रंग खेड्यापाड्यांतही मिळू लागले. पुण्याच्या हातकागद संस्थेचे काम 1940 पासूनचे आहे. असा जाडसर कागद आणून चौघांत एक ताव वाटून घ्यावा. दुसरी सूचना नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, चित्रकारांना: 2022 च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि तिच्यावर कड्याचे स्थानक आहे. दरवेळी महाबळेश्वरच कशाला? एखादी सकाळ या माळावर बसून पाहा आणि येथल्या मुलांना शेजारी बसवून घ्या.

पुढील वसंतात याच मंडपाच्या कनातींवर कड्याच्या मुलांनी काढलेली कड्याची चित्रे लावावीत, अशी चालकांना आमची विनंती आहे. त्यात डोंगर वाकडे असतील, रंग वाहून गेले असतील. पण एकाही चित्रात नारळाचे झाड नसले, तर आजचे बोलणे कामी आले असे आम्ही समजू.