परिचर्या आणि कायदा : स्वागताध्यक्षांचे भाषण

महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून व सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेल्या परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो,

स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे या मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. तंबोऱ्याच्या कारागिरांचे आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्वरांचे हे गाव, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उघडले तेव्हापासून दूरदूरच्या रुग्णांचेही गाव झाले. शस्त्रवैद्यांची कीर्ती तेव्हाच सर्वत्र पसरली. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ज्यांनी रुग्णांच्या उशाशी जागून काढल्या, त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर आली नाहीत. म्हणून आपले अधिवेशन येथे भरत आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

मी पेशाने वकील आहे. वैद्यकाचे ज्ञान मला नाही. तथापि अधिवेशनाचा विषयच कायद्याचा असल्यामुळे चार शब्द अधिकाराने बोलण्याची मुभा आपण मला द्याल, असा विश्वास आहे.

कायदा म्हणजे शासनाच्या हातातील दंड, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते, आणि पोलीसठाण्याची पायरी एकदा चढलेल्या माणसाची ती अधिकच दृढ होते. परंतु एरवी जे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले असते, ते दुर्बळाला हक्क म्हणून मिळवून देणे, हे कायद्याचे खरे कार्य होय. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता मिळावा, यासाठीच्या विधेयकाला १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि पुढील वर्षी त्याचा कायदा झाला. तोपर्यंत मालकाच्या दयेचा भाग असलेली गोष्ट त्या दिवसापासून मागून घेण्याजोगी झाली. समाजातील कायद्याचे स्थान मला तरी याहून वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने आणि महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाने दिले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला. नोंदणी म्हणजे मुदत संपली की नूतनीकरण करून घेण्याचा एक कागद, असे मानण्याकडे आपल्यापैकी काहींचा कल असतो. त्या कागदाचे मोल काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका निकालावरून कळते. एका रुग्णालयात टायफॉइडने आजारी असलेल्या बालकाला डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनचे इंजेक्शन लिहून दिले असता, परिचारिका म्हणून नेमलेल्या स्त्रीने मलेरियावरील क्लोरोक्विन शिरेवाटे दिले, आणि बापाच्या डोळ्यांदेखत ते मूल कोसळले. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या स्त्रीपाशी पात्रता नव्हती, नोंदणीही नव्हती. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून बालकास साडेबारा लाख आणि मातापित्यांच्या मनस्तापाबद्दल स्वतंत्रपणे पाच लाख रुपये देवविले. अपात्र माणसाला परिचारिकेच्या गणवेशात उभे करणारी संस्था जबाबदारीतून सुटत नाही, हे त्या निकालाने निःसंदिग्ध केले. आणि कमी पगारावर अशा नेमणुका आजही जेथे चालत असतील, तेथे आपण त्या मुकाट्याने चालू देऊ नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नोंदणीप्रमाणेच रोजच्या लेखी नोंदीलाही मोल आहे. निष्काळजीपणाची फिर्याद झाली की केस पेपर आमच्या हाती येतात, आणि वकील प्रथम शोधतो ती सिस्टरची नोंद. रात्री अडीच वाजता रक्तदाब ऐंशीवर पन्नास, ड्यूटीवरील डॉक्टरांना फोनवर कळविले, त्यांनी तोंडी सांगितलेले औषध अमुक मात्रेत दिले, पावणेतीनला पुन्हा रक्तदाब पाहिला, आणि खाली सही, अशा चार ओळी ज्या परिचारिकेने त्याच वेळी लिहून ठेवल्या असतील, तिच्या उलटतपासणीत फारसे काही उरत नाही. याउलट तोंडी ऑर्डर नंतर लेखी करून घेण्याचे राहून गेले, खाडाखोड झाली, किंवा तीन वेळांच्या नोंदी ड्यूटी संपताना एकाच शाईने एकदम झाल्या, तर जिने खरोखर जिवापाड सेवा केली तिचीही जबानी डळमळते. एकीकडे तीस खाटांचा वॉर्ड असताना लिहायला वेळ कोठून आणायचा, हा आपला प्रश्न मला ठाऊक आहे, आणि तो न्याय्य आहे. म्हणूनच खाटांच्या प्रमाणात परिचारिकांची संख्या हा केवळ सोयीचा प्रश्न नसून पुराव्याचा आणि रुग्णाच्या जिवाचाही प्रश्न आहे, असे मी मानतो.

आता ज्या गोष्टीची मला खंत वाटते, तिकडे वळतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून तसे घडल्यास मात्र कमाल दोन वर्षे. ही सवलत ज्यांची नावे वैद्यकीय नोंदवहीत आहेत, त्यांनाच आहे. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच हुकुमाच्या अंमलबजावणीत दोघे उभे असता, हुकूम देणाऱ्यास दोन वर्षे आणि तो बजावणारीस पाच, ही तफावत कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते?

कायद्याने परिचारिकेला अंतर देण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्याच कामाच्या जागी हल्ला झाला. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीसाठी सात वर्षांची शिक्षा झाली, लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्यानंतर सुमारे बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सेवेत येणाऱ्या आणि निवृत्त होणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणासाठीच्या याचिकेत न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा इतक्या वर्षांच्या अंथरुणानंतरही शरीरावर एकही शय्याव्रण आढळला नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचारीवर्गाचा आहे. शुश्रूषेतून एक नाते निर्माण होते आणि ते कायद्याच्या दृष्टीनेही नाते आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. परंतु ते मान्य होण्यास एका परिचारिकेचे सारे आयुष्य खर्ची पडले. वैद्यकीय सेवकांवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० साली आला, तोही उशिरानेच. त्यातील तीन वर्षांच्या शिक्षेची तरतूद आपल्या किती भगिनींना ठाऊक आहे, आणि हल्ल्यानंतर फिर्याद नोंदविताना त्यांच्यामागे संस्था उभी राहते काय, याची चौकशी या अधिवेशनाने अवश्य करावी.

कलम १०६ मधील सवलत नोंदणीकृत परिचारिकांनाही लागू व्हावी, या मागणीच्या ठरावाचा मसुदा स्वागतसमितीने तयार केला असून तो आपल्या टिपणवहीत जोडला आहे. त्यातील भाषा माझी आहे. ती वॉर्डात काम करणाऱ्यांनी तपासावी, हवी तेथे बदलावी, आणि दुपारच्या सत्रात ठराव मांडावा. अध्यक्षांनी आसनस्थ होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.