व्हेल शार्कची वेळ

समुद्रात पोहण्याचा छंद मला पन्नाशीत लागला. तेव्हापासून ओळखीचे लोक एकच विचारतात, ‘व्हेल शार्कबरोबर पोहायला सगळ्यात चांगली जागा कोणती?’

मीही पूर्वी हेच विचारायचो. उत्तर मिळालं, फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचं ओस्लोब. तिथं मासा हमखास दिसतो, हे खरंच होतं. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर नावाडी आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मुठीमुठीनं पाण्यात टाकतात आणि हे अवाढव्य मासे होडीच्या कडेला तोंड उघडून उभे राहतात. तीसेक माणसं भोवती. मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि माझा हात माशाच्या पाठीवर टेकला. खरखरीत, पॉलिश पेपरसारखी पाठ. हात लावायला तिथं बंदी आहे. धक्का लागला हे खरं, पण मी हात लगेच उचलला नाही, हेही खरं. बाहेर आल्यावर फोटो पाहिले. सगळ्या फोटोंत मासा हात पसरलेल्या भिकाऱ्यासारखा दिसत होता. ते काही बरं वाटलं नाही.

मग जरा वाचन केलं. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, देवमाशासारखा सस्तन प्राणी नव्हे. अठरा मीटरपर्यंत वाढतो आणि खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव आणि माशांची अंडी. म्हणजे प्रश्न जागेचा कमी आणि वेळेचा जास्त. अन्न जिथं, जेव्हा, तिथं तो. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर उन्हाळ्यात माशांची अंडी तरंगतात. तिथं २००९ साली विमानातून एका वेळी चारशेवर व्हेल शार्क मोजले गेले. मालदीवच्या दक्षिण अरी प्रवाळबेटांजवळ ते वर्षभर दिसतात, बहुतेक वयात न आलेले नर. आपल्याला तेच जवळचं, पण तिथं बोटींची गर्दी फार.

मी निवडलं पश्चिम ऑस्ट्रेलियातलं निंगालू. मार्च-एप्रिलमध्ये पौर्णिमेनंतर काही रात्री तिथली प्रवाळं एकदम अंडी सोडतात आणि त्या सुमारास मासे यायला लागतात. वरून छोटं विमान शोध घेतं, बोटीला कळवतं. एका वेळी दहाच माणसं पाण्यात, माशापासून तीन मीटर दूर. खाऊ घालणं नाही. दोन तास विमान घिरट्या घालत होतं, मला उलट्या होत होत्या, पैसे बुडाले असं वाटत होतं. मग हाक आली. उडी मारली, तर खाली निळ्या पाण्यात पांढरे ठिपके सरकत येत होते. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी जीव तोडून पाय मारत होतो, तो शेपटी संथ हलवत पुढं निघून गेला. फार तर तीन मिनिटं.

या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते. खगोलशास्त्रज्ञांची ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची पद्धत वापरून संशोधक फोटोंवरून मासे ओळखतात. पर्यटकांचे फोटोही त्यात कामी येतात. माझा फोटो हलला होता!

आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्यावर याच माशाची तेलासाठी आणि मांसासाठी कत्तल होत असे. माइक पांडे यांचा माहितीपट २००० साली आला आणि २००१ मध्ये या माशाला वाघाइतकं कायद्याचं संरक्षण मिळालं. महाराष्ट्रातही संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते.

देवगडला माझे एक मामेभाऊ मासेमारी करतात. निंगालूची हकिगत मी त्यांना रंगवून सांगितली. ते जाळं विणत ऐकत होते. म्हणाले, ‘अरे, पैसे मोजून तू थंय गेलंस? माका हयच गावली.’ जाळ्यात अडकली होती. दोघं पाण्यात उतरले, कोयत्यानं जाळं कापलं.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, गेली,’ असं म्हणून त्यांनी सुतळीचं टोक दातांत धरलं.