व्हिसा नको, पण मतदान कार्ड हवे



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की खऱ्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्या गप्पांत एक विषय वारंवार येतो, तो म्हणजे नेपाळ. कुणाला पशुपतिनाथाचे दर्शन घ्यायचे असते, कुणाला मुक्तिनाथाचे, कुणाला सीतामाईचे माहेर म्हणून जनकपूर बघायचे असते. आणि कुणीतरी विचारतेच, "ताई, नेपाळ म्हणजे परदेश ना? मग विजा लागत असेल!"

नाही लागत. भारताच्या नागरिकाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही. पण "व्हिसा लागत नाही" याचा अर्थ आपण "कागदच लागत नाही" असा करून घेतो आणि तिथेच फसतो. मी स्वतः फसले आहे, म्हणून आज हे सांगायला बसले.

आधी व्हिसा का लागत नाही ते बघू. आपल्या कोकणात आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसे येतात, ते तुम्ही दरवर्षी बघता. बायकामुलांसह येतात, हंगाम संपला की गावी जातात. त्यांना इथे यायला व्हिसा लागतो का? नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळमध्ये मैत्रीचा करार झाला. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहता यावे, कामधंदा करता यावा, ये-जा करता यावी, असे त्यात ठरले. ज्या वाटेने आपल्या बागेतला दाजू इथे येतो, त्याच वाटेने आपण तिथे जाऊ शकतो. पण वाट मोकळी असली तरी आपण भारताचेच नागरिक आहोत, हे दाखवावे लागते. ते कशाने दाखवायचे, हा खरा प्रश्न.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या अकरा जणींनी नेपाळला जायचे ठरवले. वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. कुणी कोंबड्या विकून, कुणी पापड-कुरडया करून. प्रवास कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले, "आधार कार्ड आणा, बास." मी समन्वयक, बीए झालेली. मी ते वहीत लिहिले आणि सगळ्यांना तेच सांगितले. स्वतः चौकशी केली नाही.

आमच्यात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली ६७ वर्षांची, धाकटी ६१ वर्षांची. मुंबईच्या विमानतळावर आम्ही रांगेत उभ्या राहिलो. थोरलीने आधार कार्ड दाखवले, तिला पुढे जाऊ दिले. धाकटीने तसेच कार्ड दाखवले, तिला बाजूला उभे केले. "मतदान कार्ड किंवा पासपोर्ट?" काउंटरवरच्या मुलीने विचारले. मावशीकडे दोन्ही नव्हते. माझ्याकडे आणि बाकीच्यांकडे मतदान कार्ड पर्समध्ये होते, ते नशिबाने. मावशी मला म्हणाल्या, "अगो, तिचेही आधार, माझेही आधार. मग माझ्यात काय खोट?"

मावशींत खोट नव्हती. खोट माझ्या वहीत होती. त्या परत चिपळूणच्या गाडीत बसल्या. तिकिटाचे पैसे गेले. थोरली जायला तयार नव्हती, तिला धाकटीनेच ढकलून पाठवले.

मग नियम काय आहे? नीट ऐका, जमले तर लिहून घ्या.

विमानाने नेपाळला जायचे आणि विमानानेच परत यायचे असेल, तर दोनपैकी एक गोष्ट लागते. मुदतीत असलेला पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाने दिलेले फोटोचे ओळखपत्र, म्हणजे आपले मतदान कार्ड. यात सूट आहे ती वयाची. ६५ वर्षांपेक्षा जास्त आणि १५ वर्षांपेक्षा कमी वय असेल, तर वय आणि ओळख पटवणारे फोटोचे दुसरे कागद चालतात. पॅन कार्ड, वाहन परवाना, रेशन कार्ड वगैरे. या यादीत आधार कार्ड २०१९ साली आले. म्हणून थोरली गेली आणि धाकटी राहिली. मधल्या वयाच्या आपण सगळ्या, आपल्याला आधार पुरत नाही.

१५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे मतदान कार्ड नसते. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. एकाच कुटुंबातली माणसे एकत्र जात असतील आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल, तर इतरांना फोटोचा पुरावा आणि नात्याचा पुरावा दाखवून जाता येते. पण बायांनो, बचत गट म्हणजे कुटुंब नव्हे. आपण एका ताटात जेवत असलो तरी कागदावर आपण एकमेकींच्या कुणी नाही. प्रत्येकीचे कार्ड प्रत्येकीकडेच हवे.

आता मावशींकडे मतदान कार्ड का नव्हते? २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला, त्यात त्यांच्या कपाटातले सगळे कागद भिजून गेले. नंतर आधार त्यांनी लगेच काढून घेतले, कारण रेशनला, बँकेला, गटाच्या खात्याला, सगळीकडे तेच मागतात. मतदान कार्ड पुन्हा काढायची कधी गरजच पडली नाही. यादीत नाव असले की आधार दाखवूनही मत देता येते. म्हणून ते राहून गेले.

असे आपल्यातल्या कितीतरी जणींचे होते. कुणाचे कार्ड पुरात गेले, कुणाचे नवऱ्याच्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे. कुणाचे अजून माहेरच्या गावाचे, माहेरच्या नावाचे आहे. कुणाच्या कार्डावर वडिलांचे आडनाव आणि आधारवर सासरचे. मग तिकीट आधारवरून काढतात, विमानतळावर दाखवायला मतदान कार्ड, आणि दोन नावे जुळत नाहीत. म्हणून तिकीट काढताना ज्या कार्डावर प्रवास करणार, त्याच कार्डावरचे नाव जसेच्या तसे द्या.

कार्ड हरवले असेल, नाव किंवा पत्ता बदलायचा असेल, लग्न होऊन दुसऱ्या गावी आला असाल, तर या सगळ्याला एकच अर्ज आहे, नमुना ८. यादीत नावच नसेल तर नमुना ६. हे अर्ज मोबाईलवरून भरता येतात, किंवा आपल्या मतदान केंद्राच्या बीएलओकडे देता येतात. बहुतेक गावांत बीएलओ म्हणजे आपल्या अंगणवाडीताई किंवा शाळेतले गुरुजीच असतात. अडले तर मतदारांचा मदत क्रमांक १९५० आहे. लक्षात ठेवायला सोपे, ज्या साली नेपाळशी करार झाला तेच साल. कार्ड पोस्टाने घरी येते. म्हणून तिकीट काढायच्या निदान दोन-तीन महिने आधी अर्ज करा. आणि प्रवासात मूळ कार्ड न्या. झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो जोडीला असू दे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

पासपोर्ट काढायचा असेल तर उत्तमच. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. लग्नाचा दाखला नाही म्हणून पुष्कळ जणी अर्जच करत नाहीत, पण त्याची सक्ती २०१६ च्या डिसेंबरपासून काढून टाकली आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असेही नाही.

रेल्वेने आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी बिहारमधून रक्सौलला किंवा उत्तर प्रदेशातून सोनौलीला सीमा ओलांडायची. कमानीतून माणसे भाजीची पिशवी घेऊन इकडून तिकडे जाताना दिसतात. तिथे दरवेळी कुणी अडवेलच असे नाही, पण विचारले तर ओळखपत्र दाखवावे लागते. तेव्हा या वाटेनेही मतदान कार्डच न्या. आपली भारतातली गाडी आत न्यायची असेल तर सीमेवर तिची परवानगी काढून, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरावे लागतात. त्याला तिकडे भन्सार म्हणतात. गाडीची मूळ कागदपत्रे लागतात. भाड्याची गाडी असेल तर हे पैसे कोण भरणार, ते इथेच ठरवून घ्या.

पैशांचे सांगते. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी १६० रुपये होतात. दुकानात भाव विचारला की आधी विचारा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारताचे रुपये, एनसी म्हणजे नेपाळचे. आमच्यातल्या एकीने रुद्राक्षाच्या माळेला न विचारता आपले पाचशे मोजले, भाव एनसीत होता. मोठ्या नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा जास्त ठेवा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, बस पकडायची असेल तर ते ध्यानात ठेवा.

आणखी तीन गोष्टी. एक, त्याच फेरीत कैलास-मानसरोवर करू असे कुणी म्हणाले, तर ते चीनच्या ताब्यातल्या तिबेटमध्ये आहे. तिथे पासपोर्ट आणि चीनचा व्हिसा दोन्ही लागतात, मतदान कार्ड चालत नाही. दोन, कुणाची लेक-जावई अमेरिकेत असतील आणि नातवंडाचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर ते नातवंड नेपाळसाठी परदेशी. भारताचे ओसीआय कार्ड असले तरी त्याला व्हिसा घ्यावा लागतो. परदेशी पर्यटकांना तो काठमांडूच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, पंधरा दिवसांचे ३० डॉलर, तीस दिवसांचे ५० डॉलर. तीन, शेजारचे भूतान वेगळे आहे. तिथेही आपल्याला व्हिसा नाही, पण प्रवेशाचा परवाना काढावा लागतो आणि मोठ्या माणसामागे एका रात्रीचे १२०० रुपये शुल्क भरावे लागते. दोन्ही देश एकाच हिशोबात धरू नका.

आणि नेपाळमध्ये असताना कार्ड हरवलेच, तर घाबरू नका. काठमांडूला आपला भारतीय दूतावास आहे. भारतात परत येण्यापुरता तातडीचा दाखला तिथून मिळतो. त्यासाठी कार्डाची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत ठेवा आणि एक घरी ठेवा.

मावशींचे पुढे काय झाले, तेही सांगते. परत आल्यावर मी त्यांच्यासोबत बसून नमुना ८ भरला. कार्ड पोस्टाने आले. ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पुराचे पाणी चढणार नाही अशा माळ्यावरच्या डब्यात ठेवले आहे. आम्ही गटात थोडी थोडी वर्गणी काढली, बुडालेल्या तिकिटाचे निम्मे पैसे भरून आले. निम्मे मी दिले. कुणी मागितले नव्हते, पण वही माझी होती. गेल्या वर्षी मावशी भावाच्या कुटुंबासोबत पशुपतिनाथाला जाऊन आल्या. प्रसाद घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "देवाने उशिरा बोलावले, पण या खेपेला कागद बघून बोलावले."

तेव्हा मैत्रिणींनो, नेपाळला जायचे असो वा नसो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले मतदान कार्ड सोबत आणायचे. नवऱ्याच्या कपाटातून मागून घ्या, ट्रंकेच्या तळातून शोधून काढा. नाव बघा, पत्ता बघा, फोटो ओळखू येतो का बघा. ज्यांचे सापडणार नाही, त्यांचे अर्ज त्याच दिवशी गटात बसून भरू. कार्ड आपल्या नावाचे आहे, ते आपल्या हाताशीच असायला हवे.