सभाभय आणि श्रद्धा
(धर्मग्रामाच्या महोत्सवसभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां माझ्या पोटांत गोळा उठला, हें आरंभींच कबूल करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मिस्साच्या वेळीं पहिलें वाचन करण्यास मी प्रथमच उभा राहिलों. ग्रंथ समोर उघडा होता, अक्षरें स्पष्ट होतीं. परंतु घसा असा कोरडा पडला कीं दोन वाक्यांनंतर मला जागेवर परतावें लागलें. राहिलेलें वाचन एका वृद्ध बाईंनीं पुरें केलें. त्यानंतर तीन वर्षें मी मागच्या बाकावर बसत असें. म्हणून ह्या विषयावर मी बोलतों तें पंडित ह्या नात्यानें नव्हे, तर त्याच रोगाचा रोगी ह्या नात्यानें.

हा रोग क्षुल्लक नाहीं. परभणी जिल्ह्यांत आपण संख्येनें थोडे आहों. ग्रामसभेंत किंवा शाळेच्या पालकसभेंत पुष्कळांस खरें तें ठाऊक असतें, पण ओठांवर येत नाहीं. आपण गप्प बसलों म्हणजे केवळ आपली भीति झांकली जाते असें नव्हे. ज्या दुबळ्यासाठीं बोलावयाचें होतें, त्याचा हक्कही बुडतो.

पवित्र शास्त्र काय दाखवितें? आपली जीभ जड आहे, अशी सबब मोशेनें देवाजवळ सांगितली. देवानें ती मानली नाहीं. मात्र अहरोन हा त्याचा भाऊ त्याच्या सोबतीस दिला. संत पेत्र तर अंगणांत एका दासीच्या बोलण्यानें गडबडला, आणि त्यानें प्रभूला नाकारलें. तोच पेत्र पन्नासाव्या दिवशीं यरुशलेमेंत उभा राहून बोलला, तेव्हां सुमारें ३००० माणसांची मंडळींत भर पडली. पहिल्या वेळीं त्याची दृष्टि स्वतःच्या जिवावर होती. दुसऱ्या वेळीं ती प्रभूवर होती. संत पौलही करिंथकरांस लिहितो कीं आपण त्यांच्याकडे भीत व कांपत आलों होतों. तेव्हां श्रद्धेनें कंप थांबतोच असें नाहीं. परंतु कांपणाऱ्यास बोलण्याचें कारण मिळतें.

आपल्या मराठवाड्यांतील प्रसंग आठवा. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या पदावर बसणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरु. त्यांच्या निवडीस कांहींनीं विरोध केला होता, आणि पाठीच्या दुखण्यानें शरीरही साथ देत नव्हतें. तथापि ते आले आणि मानवतेच्या बाजूनें निर्भयपणें बोलले. २०२४ सालीं ते प्रभुवासी झाले. त्यांचें तें धैर्य मात्र आपल्याजवळ ठेव म्हणून राहिलें आहे.

आपणांस व्यासपीठ लाभेल न लाभेल. वाचनाची चौकी तर समोरच आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना मातृभाषेंत होऊं लागली आणि वाचनाची सेवा आपणां प्रापंचिकांच्याही हातीं आली. शनिवारीं रात्रीं आपलें वाचन घरांत मोठ्यानें तीनदां वाचावें, अर्थ न कळल्यास विचारावा, उभें राहिल्यावर एक श्वास घेऊन मनांत प्रार्थना करावी, आणि शेवटच्या बाकावरील आजीबाईंना ऐकूं जाईल असें सावकाश वाचावें. चुकलें तर पुन्हां वाचावें.

तीन वर्षांनीं त्याच वृद्ध बाईंनीं मला हाक मारली. त्या म्हणाल्या, “बाळा, तें वाचन तुझें नव्हेच, प्रभूचें आहे. तूं नुसता आवाज दे.” त्या रविवारीं मी पुन्हां उभा राहिलों. पाय कांपत होते. पण वाचन पुरें झालें.

आज आपल्या मुलामुलींपैकीं जे मागच्या बाकावर बसले आहेत, त्यांना अशी हाक आपण मारूं या. हेंच ह्या महोत्सवाचें खरें स्मारक होईल. पवित्र आत्मा आपल्या ओठांस बळ देवो. आमेन.